इंदूरच्या घरातले जुने मोबाइल: काय ठेवावे, काय विकावे, काय मोडीत द्यावे

कपाटात ठेवलेला फोन तिथे जसाच्या तसा राहत नाही. न वापरताही त्याची बॅटरी झिजते, विकायचा भाव उतरत जातो आणि एक दिवस तो चालूच होत नाही. मग मुंजीचे फोटो, आजोबांचा आवाज आणि बँकेचे मेसेज सगळेच आत अडकून बसते. म्हणून आमचा आग्रह आहे की फोन चालू होतोय तोवरच त्याचा निकाल लावा. एक मोकळा रविवार काढला तर चार-पाच फोन सहज हातावेगळे होतात. क्रम मात्र मोडू नका: आधी बॅटरी पाहायची, मग माहिती काढायची, मग फोन पुसायचा, आणि तो कुणाला द्यायचा हे सर्वांत शेवटी ठरवायचे. बहुतेक घरांत हे नेमके उलटे होते. जेल रोडला जाऊन आधी भाव विचारला जातो आणि दुकानाच्या काउंटरवर घाईघाईने फोटो शोधले जातात.

आधी बॅटरी

सगळे फोन एका सपाट टेबलावर पालथे ठेवा, कव्हर काढून. जो फोन डुगडुगतो, ज्याची मागची बाजू उचललेली दिसते किंवा ज्याची काच कडेने सुटली आहे, त्याची बॅटरी फुगली आहे असे समजा आणि तो बाजूला काढा. असा फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टाचणी लावून हवा काढायची तर अजिबात नाही. आत हवा नसते. रसायन विघटित होऊन तयार झालेला, पेट घेणारा वायू असतो. आवरणाला भोक पडले की आतले थर एकमेकांना टेकतात आणि काही सेकंदांत धूर निघतो.

फुगलेला फोन बंद करा. मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घाला, त्यात फोन ठेवा आणि वरून आणखी वाळू टाका. घट्ट झाकण लावू नका. डबा बाल्कनीत किंवा अंगणात सावलीला ठेवा. वैशाखात इंदूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा गच्ची आणि उभ्या गाडीची डिकी या दोन्ही जागा वर्ज्य. चार-आठ दिवसांत तो फोन पुढे द्यायचाच. कुठे, ते खाली सांगितले आहे.

बाकीचे फोन आता चार्जिंगला लावा. वर्षभर पडून असलेल्या फोनला नव्या जलद चार्जरपेक्षा जुना 5 व्होल्ट, 1 अँपिअरचा चार्जर बरा. पहिली 20-30 मिनिटे पडद्यावर काहीच दिसले नाही तरी घाबरू नका, पूर्ण उतरलेली बॅटरी सुरुवातीला अगदी हळू भरते. या वेळात फोन टणक, मोकळ्या जागी ठेवा आणि समोर राहा. गादीवर ठेवून बाहेर जाऊ नका. तास उलटूनही दिवा लागला नाही तर थांबा. फार खोलवर उतरलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळतो, आणि पुन्हा चार्ज करताना तो भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अशा बॅटरीला जोर करून जागवण्यापेक्षा ती बदललेली बरी.

फोन चार्ज होत नाही म्हणजे बॅटरी गेली, असेही नाही. निम्म्या वेळा दोष केबलचा असतो किंवा चार्जिंगच्या खोबणीत खिशातला कापूस अडकलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच कोरा. सुई घालू नका, आतली पिन वाकते.

माहिती काढून घेणे

या पायरीला वेळ द्या. फोटो आणि व्हिडिओ केबलने कॉम्प्युटरवर उतरवा. मेमरी कार्ड असेल तर ते वेगळे काढा आणि त्यातलेही उतरवून घ्या. उतरवल्यावर दोन-चार व्हिडिओ उघडून शेवटपर्यंत चालतात का ते पाहा. कॉपी अर्धवट झालेली फाइल यादीत पूर्ण दिसते आणि उघडल्यावर दगा देते.

नंबरांचे तसे नाही. जुन्या फोनमध्ये काही नंबर फोनमध्ये, काही सिममध्ये, काही गूगल खात्यात असे विखुरलेले असतात. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट’ केले की सगळ्यांची एकच फाइल बनते आणि ती नव्या फोनमध्ये ‘इम्पोर्ट’ करता येते. नंबर सिमवर कॉपी करण्याचा जुना मार्ग मराठी नावांसाठी फार वाईट आहे. सिमवर नावाला जागा थोडी, आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा वेगळी मोजली जाते आणि इंग्रजी अक्षराच्या दुप्पट जागा खाते. ‘सुलभा काकू’ या नावाला मधली मोकळी जागा धरून 10 खुणा लागतात. बऱ्याच सिमवर ते मध्येच कापले जाते आणि यादीत तीन ‘सुलभा’ उरतात.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या आणि नव्या फोनमध्ये तो उतरल्याची खात्री करा, मगच जुन्यातले काढा. ओटीपीचे आकडे तयार करणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप असेल तर ते सर्वांत आधी नव्या फोनमध्ये हलवा. फोन पुसल्यावर आठवण झाली तर त्या खात्यांत परत शिरायला फार खटपट पडते. यूपीआय आणि बँकेच्या अ‍ॅपमधून लॉग-आउट करा, आणि जिथे ‘डी-रजिस्टर’ असा पर्याय आहे तिथे तो वापरा.

जुन्या फोनबरोबर जुने सिमही बंद करणार असाल तर आधी तो नंबर आधार, बँक, गॅस आणि पेन्शनच्या नोंदीत कुठे दिला आहे ते शोधून बदला. 90 दिवस काहीच वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्याच माणसाला मिळतो. त्यानंतर तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत ही चूक फार होते, कारण त्यांचा पेन्शनचा नंबर बहुधा जुन्या बटणांच्या फोनमध्येच असतो.

टच गेला पण पडदा दिसतो, अशा फोनच्या चार्जिंगच्या खोबणीत ओटीजी जोडणी, म्हणजे फोनला माऊससारखी यूएसबी उपकरणे जोडणारा छोटा तुकडा, लावून कॉम्प्युटरचा साधा माऊस जोडा. पडद्यावर बाण येतो आणि सगळे काम होते. सगळेच फोन ओटीजी घेत नाहीत, पण आधी हे करून पाहा. पडदाच काळा असेल तर दुरुस्तीवाल्याला म्हणा, ‘डेटा काढायचा आहे, तात्पुरता फोल्डर लावून द्या.’ बाजारात काच आणि डिस्प्ले मिळून जो एक तुकडा येतो त्याला फोल्डर म्हणतात. मॉडेल चालते असेल तर दुकानात एखादा जुना पडलेला असतो. हे काम समोर बसून करून घ्या.

पुसणे, म्हणजे नीट पुसणे

रिसेट करण्याआधी बॅटरी निम्मी तरी भरलेली हवी, कारण मध्येच फोन बंद पडला तर तो पुन्हा उठेलच असे नाही. सिम आणि मेमरी कार्ड काढा. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन गूगल खाते काढा. फोन बनवणाऱ्या कंपनीचे खाते वेगळे असते, तेही काढा. नंतर पडद्याचे लॉक काढा. मग ‘इरेज ऑल डेटा’ किंवा ‘फॅक्टरी डेटा रिसेट’. आयफोनमध्ये आधी ‘फाइंड माय’ बंद करून अ‍ॅपल खात्यातून बाहेर पडायचे आणि मग ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’.

खाते आधी का काढायचे? अँड्रॉइड 5.1 पासून, म्हणजे 2015 पासून, चोरीविरुद्ध एक कुलूप आले आहे. खाते तसेच ठेवून पॉवर आणि आवाजाची बटणे दाबून रिसेट केले, तर फोन पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. अशा फोनला बाजारात ‘लॉकवाला’ म्हणतात आणि तो सुट्या भागांच्या भावाने जातो. आपण प्रेमाने कामवाल्या ताईंच्या मुलीला अभ्यासाला फोन द्यावा आणि तिच्या हातात विटेसारखी वस्तू पडावी, हे या एका विसरण्यामुळे होते. हप्त्यांवर घेतलेल्या फोनमध्ये फायनान्स कंपनीचेही कुलूप असू शकते. हप्ते संपल्याचे पत्र घेऊन ते काढून घ्या.

रिसेटने माहिती खरोखर जाते का, हे फोनच्या वयावर आहे. अँड्रॉइड 10 घेऊन आलेल्या फोनमध्ये सगळा साठा मुळातच सांकेतिक रूपात असतो. रिसेटमध्ये त्याची किल्ली नष्ट होते आणि उरलेल्या माहितीचा कुणाला उपयोग राहत नाही. 2015 च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या फोनमध्ये ही खात्री नाही. तिथे सेटिंग्जच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘एन्क्रिप्ट फोन’ हा पर्याय दिसला तर फोन चार्जरला लावून आधी तो पूर्ण होऊ द्या, तासभर लागू शकतो, मग रिसेट करा. पर्याय नसेल तर रिसेट करून कॅमेरा सुरू करा, फोन टेबलावर पालथा ठेवा आणि मेमरी भरेपर्यंत काळोखाचा व्हिडिओ घेऊ द्या. नंतर पुन्हा रिसेट. जुन्या फोटोंच्या जागी काळे चित्र बसते.

बटणांच्या फोनमध्ये रिसेट करताना सुरक्षा कोड विचारतात. जुन्या नोकियात तो बदललेला नसेल तर 12345 असतो.

शेवटी फोन चालू करून वाय-फाय जोडून पाहा. जुने खाते मागितले नाही, म्हणजे काम झाले. मग *#06# दाबा, 15 अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पडद्यावर येईल. तो वहीत मॉडेलच्या नावासह लिहून ठेवा.

घरात ठेवायचा की नाही

इथे दोन गोष्टी पाहा. पहिली, फोन 4जीवर बोलणे करतो का. जिओच्या जाळ्यावर 2जी-3जी नाहीच, त्यामुळे तिथे व्होल्टी, म्हणजे 4जीवरून बोलण्याची सोय, नसलेल्या फोनवरून साधा कॉलही लागत नाही. बाकी कंपन्यांचे 2जी आहे, पण 3जी बहुतेक आवरले गेले आहे. म्हणजे 2013-14 चा 3जी स्मार्टफोन आज बोलण्यापुरता उरला. दुसरी, सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख. दोन-तीन वर्षे जुनी असेल तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय चालवू नये, मग तो कितीही गुळगुळीत चालत असला तरी. अँड्रॉइड 5.0 च्या खालच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपही चालत नाही, तेव्हा ‘आजीला व्हिडिओ कॉलसाठी देऊ’ म्हणण्याआधी आवृत्ती पाहा.

इंटरनेट न लागणारी कामे जुन्या फोनला उत्तम. मेमरी कार्डवर भजने, नाट्यगीते आणि कीर्तने भरा, फोन विमान मोडमध्ये ठेवा. बॅटरी बरी असेल तर रोज दोन तास ऐकूनही चार्जर दोन-तीन दिवसांनी लागतो. आजीच्या हातच्या पाककृती तिच्याच आवाजात नोंदवायला असा फोन स्वयंपाकघरात कायमचा ठेवता येतो. चांगला कॅमेरा असेल तर तो कागदपत्रे स्कॅन करायला द्यावा: टेबलाच्या कडेला दोन पुस्तकांच्या चळतीवर आडवा ठेवला, कॅमेरा कडेबाहेर आणि कागद खाली स्टुलावर, की शंभर पाने एका बैठकीत होतात.

दारावरचा कॅमेरा ही सर्वांत लोकप्रिय कल्पना, आणि बॅटऱ्या सर्वाधिक फुगतात त्याही इथेच. चोवीस तास चार्जरला लावलेला फोन कायम 100 टक्क्यांवर आणि कायम गरम राहतो. लिथियम बॅटरीला यापेक्षा वाईट काही नाही. सेटिंग्जमध्ये चार्जिंग 80 किंवा 85 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर महाराणी रोडवर विजेच्या सामानाच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा टाइमर मिळतो. सुरुवातीला दिवसातून चार वेळा 45-45 मिनिटे लावा आणि टक्केवारी 30 ते 80 मध्ये राहते का ते पाहून वेळ कमी-जास्त करा. पश्चिमेच्या खिडकीत फोन ठेवू नका. दर महिन्याला तो उतरवून सपाट जागी डुगडुगतो का ते पाहा. आणि कॅमेऱ्याचा रोख आपल्याच दारावर ठेवा, समोरच्यांच्या नव्हे.

दुरुस्ती आणि विक्री

फोन चांगला आहे, फक्त बॅटरी टिकत नाही किंवा काच फुटली आहे, अशा वेळी आमचा हिशोब साधा आहे: दुरुस्तीचा खर्च आजच्या विक्रीच्या भावाच्या एक-तृतीयांशाच्या आत असेल तर करावी. विकण्यासाठी म्हणून काच बदलू नका, तो पैसा परत येत नाही. घरात किंवा नात्यात वापरायचा असेल तर जरूर बदला.

ज्याचे मागचे झाकण नखाने उघडते त्या फोनची बॅटरी घरी बदलता येते. जुन्या बॅटरीवरचा मॉडेल क्रमांक जसाच्या तसा जुळवा, फक्त आकार जुळून चालत नाही. नव्या बॅटरीवर बनवल्याची तारीख पाहा. दोन वर्षे दुकानात पडलेली ‘नवी’ बॅटरी नवी नसते. त्याच आकारात मूळपेक्षा दीडपट एमएएच (बॅटरीत किती वीज मावते याचे माप) लिहिले असेल तर तो आकडा खोटा. चिकटवलेली बॅटरी नवख्याने काढू नये. ती गरम करून, पातळ पट्टीने उचलावी लागते, आणि पट्टी जरा तिरकी गेली की सेल फाटतो.

चार्जिंगची पिन ढिली असेल तर बऱ्याच फोनमध्ये ती एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असते. दुरुस्तीवाले तिला सीसी बोर्ड म्हणतात. ही पट्टी बदलणे स्वस्त काम आहे, त्यासाठी आख्खा फोन टाकू नका. घरात एकाच मॉडेलचे दोन मेलेले फोन असतील तर दोन्ही बरोबर न्या. एकाचा फोल्डर आणि दुसऱ्याचा मदरबोर्ड मिळून एक चालता फोन होतो. पाण्यात पडून आठवडे गेलेल्या मदरबोर्डवर मात्र पैसे घालू नका. आज चालला तरी हिरवट गंज आत पसरत राहतो.

दुकानात जुना भाग परत मागा. तसे केले की तो खरोखर बदलला हे कळते, आणि बॅटरी कुठे जाते हेही आपल्या हातात राहते.

विकताना पक्की किंवा साधी, पण पावती घ्याच: तारीख, मॉडेल, आयएमईआय, घेणाऱ्याचे नाव आणि सही. तो फोन पुढे कुठल्या भानगडीत सापडला तर ही चिठ्ठीच उपयोगी पडते. जुना फोन विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी आयएमईआय तपासा. इंग्रजीत के-वाय-एम ही तीन अक्षरे, मग जागा, मग 15 अंक असा मेसेज 14422 वर पाठवायचा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही हे होते. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ असे उत्तर आले तर तो फोन हातातही ठेवू नका.

मोडीत देणे

दहा लाख फोनमधून सुमारे 16 टन तांबे, 350 किलो चांदी, 34 किलो सोने आणि 15 किलो पॅलेडियम निघू शकते, असा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा प्रसिद्ध हिशोब आहे. म्हणजे एका फोनमध्ये सोने उणेपुरे 34 मिलिग्राम. घरी बसून ते काढण्याचे व्हिडिओ पाहून कुणी आम्लाच्या नादी लागू नये. त्या वाफा फुप्फुसे जाळतात आणि उरलेले पाणी नालीतून शेवटी कान्ह नदीत जाते. भंगारवाल्याकडे गेलेल्या फोनचेही पुष्कळदा हेच होते: तांब्यासाठी वायर जाळायची, बोर्ड आम्लात बुडवायचा, बाकीचे फेकायचे. त्या धुरात शिसे आणि प्लास्टिकमधली आगरोधक रसायने असतात, आणि ती श्वासातून घेणारी माणसे आपल्याच शहरातली असतात.

ई-कचऱ्याचे सध्याचे नियम 2022 चे, 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांनुसार फोन बनवणाऱ्या कंपनीवर आपला माल आयुष्य संपल्यावर पुनर्चक्रीकरणाला पोचवण्याची जबाबदारी आहे, आणि रिसायकलर तसेच जुने फोन दुरुस्त करून विकणारे रिफर्बिशर यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. म्हणून पहिला मार्ग कंपनीचा: तिच्या वेबसाइटवर ई-कचऱ्याच्या पानावर जवळचे संकलन केंद्र आणि टोल-फ्री नंबर असतो. दुसरा मार्ग नोंदणीकृत रिसायकलर. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि मंडळाच्या पोर्टलवरच्या यादीशी ताडून पाहा. सोसायटीतल्या वीस-पंचवीस घरांनी एकत्र गोळा केले तर घरपोच उचलून न्यायला विचारता येते.

तिसरा मार्ग आपल्या दारात रोज येतो. नगर निगमच्या गाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. चार्जर, इअरफोन, केबल, बॅटरी काढलेला बटणांचा फोन हे तिथे द्या, पण कप्प्यात स्वतः भिरकावू नका. गाडीवरच्या भाऊंच्या हातात द्या आणि आत बॅटरी आहे की नाही ते सांगा. सुक्या कचऱ्यात लपून गेलेली बॅटरी दाबली गेली की गाडी किंवा कचऱ्याचा ढीग पेटतो आणि भाजतात तीच माणसे. फुगलेली बॅटरी गाडीत देऊच नका. ती वाळूच्या डब्यासह संकलन केंद्रात किंवा त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, आधी फोन करून, हातोहात पोचवा. स्कूटरवर नेताना डबा पायाशी ठेवा, सीटखालच्या बंद कप्प्यात नको.

सुट्या बॅटऱ्या देताना प्रत्येकीच्या सोनेरी टोकांवर सेलोटेप चिकटवा आणि प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घाला. किल्ल्या-नाण्यांच्या डब्यात टाकलेल्या बॅटऱ्यांची टोके धातूला टेकली की त्या तापतात. कधी एखादीतून धूर निघालाच तर हातात धरू नका. चार्जर जोडलेला असेल तर भिंतीवरचे बटण बंद करा, माणसे बाहेर काढा, खिडक्या उघडा, शक्य असेल तर लांबूनच भरपूर पाणी ओता, आणि विझली असे वाटल्यावरही थांबा, कारण बॅटरी मागाहून पुन्हा पेटू शकते. धूर वाढला तर 101 वर अग्निशमन दलाला बोलवा.

खोकी, बिले आणि आयएमईआयची वही लगेच टाकू नका. फोन दिल्यानंतर वर्षभर पावतीसोबत एका पाकिटात ठेवा. चालू चार्जर आणि केबल मात्र मोडीत घालू नका. प्रत्येक प्रकारची एक-एक केबल, म्हणजे जुनी मायक्रो आणि नवी टाइप-सी, नाव लिहून घरात ठेवा, कारण पुढच्या कपाटातून निघणाऱ्या फोनला तीच लागणार आहे.